भूऔष्णिक विद्युत् केंद्रांतील हायड्रोजन सल्फाइडाचे निष्कासन

पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णतेवर चालणाऱ्या विद्युत् केंद्रात वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड हा दुर्गंधी व विषारी वायू भूपृष्ठावर येतो. तो वातावरणात मिसळण्यापूर्वी वेगळा करणे आणि मग त्याचे गंधकासारख्या निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करणे अथवा त्यास पुन्हा भूगर्भात सोडणे, या सर्व क्रियांचा समावेश या संज्ञेत होतो. भूऔष्णिक केंद्रात इंधन जाळले जात नसल्याने धूर व राख यांचा प्रश्न उद्‌भवत नाही. तथापि भूगर्भातील वायू वाफेबरोबर अपरिहार्यपणे वर येतात आणि त्यांपैकी आसपासच्या वस्तीस सर्वांत जाचक ठरणारा वायू हाच होय. भूऔष्णिक ऊर्जेस काही ठिकाणी जो लोकविरोध झाला, त्याच्या मुळाशी बहुतांशी या वायूची दुर्गंधी व त्याविषयीची भीती होती. त्यामुळे निष्कासनाची यंत्रणा हा अशा केंद्राचा गौण भाग न राहता त्याच्या उभारणीची पूर्वअट बनला आहे.

वायूचे गुणधर्म व विषारीपणा : हायड्रोजनाचे दोन व गंधकाचा एक अणू मिळून बनलेला हा वायू रंगहीन असून त्यास कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो हवेपेक्षा सु. १·१९ पट जड असल्याने खड्डे, विहिरी, तळघरे व गटारे अशा सखल जागी साचून राहतो. त्याचा उकळबिंदू –६०° से. आहे. हवेत त्याचे घनफळमान सु. ४ ते ४५ टक्के असल्यास मिश्रण ज्वालाग्राही असते. २०° से. तापमानास पाण्यात त्याच्या घनफळाच्या सु. अडीच पट वायू विरघळतो व विद्राव दुर्बल अम्लधर्मी होतो. पाणी जसजसे क्षारकीय (अल्कलाइन) होत जाते, तसतसा तो अधिकाधिक प्रमाणात हायड्रोसल्फाइड आयनांच्या रूपात पाण्यात राहतो. पीएच मूल्य ७ च्या सुमारास निम्मा वायू आयनरूप असतो, तर ते ९ असताना जवळजवळ सर्वच वायू आयनरूप होतो. या एका गुणधर्मावर निष्कासनाच्या बहुतेक पद्धती आधारलेल्या आहेत.

हवेच्या एक अब्ज भागांत या वायूचे पाच-दहा भाग असले, तरी मानवी नाकास त्याचा वास येतो. परंतु वासावर विसंबून राहणे घातक आहे. कारण दशलक्ष भागांत सु. १०० भाग वा त्याहून अधिक प्रमाण झाल्यास घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास नाहीसा झाला म्हणजे धोका टळला, असा चुकीचा समज होतो. दशलक्ष भागांत ५०० ते ७०० भाग असल्यास काही मिनिटांतच तोल जाऊन माणूस कोसळतो व अर्ध्या ते एक तासात मृत्यू संभवतो; १,००० भागांपलीकडे एकदोन श्वासांतच शुद्ध हरपते. पेशींमध्ये ऑक्सिजनाचा उपयोग घडवून आणणाऱ्या एंझाइमाच्या कार्यात हा वायू अडथळा आणतो. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरतात. विद्युत् केंद्राच्या दृष्टीने त्याचा आणखी एक उपद्रव म्हणजे तांबे व चांदी यांवर होणारी क्रिया. स्विच, तारा व इलेक्ट्रॉनीय उपकरणांतील संपर्कबिंदू यांवर सल्फाइडाचा काळा थर चढून ती निकामी होतात.

वाफेतील वायूचा उगम : भूऔष्णिक क्षेत्रात वाफेबरोबर येणाऱ्या व थंड केल्यावर द्रवरूप न होणाऱ्या वायूंचे प्रमाण सामान्यतः वाफेच्या वजनाच्या अर्धा ते पाच टक्के असते. त्यात कार्बन डाय-ऑक्साइडाचा वाटा बहुधा नव्वद टक्क्यांहून अधिक असतो; बाकीच्यात हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, मिथेन, हायड्रोजन, नायट्रोजन व क्वचित पाऱ्याची वाफ आढळते. गंधक काही अंशी खोलवर थंडावत असलेल्या शिलारसातून मुक्त होते, तर काही अंशी उष्ण पाण्याची खडकांतील सल्फाइडी खनिजांवर क्रिया होऊन मिळते. ज्वालामुखी प्रदेशांतील उच्च तापमानाच्या क्षेत्रांत म्हणूनच या वायूचे प्रमाण अधिक असते. ज्वालामुखीशी संबंध नसलेल्या उन्हाळ्यांत (ऊन पाण्याच्या झऱ्यांत) ते पुष्कळदा नाममात्र असते.

वाफेतील त्याचे प्रमाण अल्प वाटले, तरी वाफेचा एकूण वापर मोठा असल्याने दैनिक राशी दुर्लक्षणीय नसते. उदा., ५० मेगावॉटच्या केंद्रास ताशी सु. ४०० टन वाफ लागते असे धरू. वाफेत वजनी दशलक्ष भागांत हायड्रोजन सल्फाइडाचे २०० भाग असल्यास ताशी ८० किग्रॅ. म्हणजे दिवसाकाठी सु. १,९२० किग्रॅ. वायू बाहेर पडेल. तो सर्व गंधकात रूपांतरित केल्यास रोज सु. १,८०० किग्रॅ. गंधक मिळेल.

केंद्रातील वायूचा मार्ग : निष्कासनाची पद्धत केंद्राच्या रचनेवर अवलंबून असते. कोरड्या वाफेच्या क्षेत्रात विहिरीतील वाफ थेट टरबाइनात सोडतात. उष्ण पाण्याच्या क्षेत्रात पाण्याचा दाब एकदम कमी करून त्याच्या काही भागाची वाफ करतात. दोन्ही प्रकारांत टरबाइनातून बाहेर पडलेली वाफ संघनकात थंड होऊन तिचे पाणी होते. न गोठलेले वायू निर्वात पंपांनी किंवा वाफेच्या झोतांनी खेचून काढले नाहीत, तर संघनकातील निर्वात बिघडून टरबाइनाची शक्ती घटते. हे खेचून काढलेले वायू हा हायड्रोजन सल्फाइडाच्या उत्सर्जनाचा पहिला मार्ग होय.

दुसरा मार्ग संघनित पाण्यातून जातो. थंड पाण्याचे फवारे वाफेत प्रत्यक्ष मिसळणारा संघनक असल्यास विपुल पाण्याच्या संपर्कामुळे बराच वायू त्यात विरघळतो. हे पाणी शीतक मनोऱ्यात हवेच्या झोतासमोर शिंपडले जाते, तेव्हा विरघळलेला वायू हवेत निसटतो. वाफ व शीतक पाणी यांना नळ्यांच्या भिंतींनी विभक्त ठेवणारा पृष्ठ-संघनक वापरल्यास बहुतेक वायू संघनित पाण्यात न शिरता खेचून काढलेल्या वायूंबरोबर एकाच नळीतून बाहेर पडतो व त्यावर संस्करण करणे सुकर होते. मात्र वाफेत अमोनिया असल्यास संघनित पाणी क्षारकीय होऊन पृष्ठ-संघनकातही वायूचा बराच भाग पाण्यात जातो. अशा वेळी दोन्ही मार्गांवर उपाय योजावे लागतात.

तिसऱ्या, द्विद्रवी प्रकारच्या केंद्रात भूगर्भातील उष्ण पाण्याची उष्णता ऊष्मा विनिमयकातून आयसोपेंटेनासारख्या कमी तापमानास उकळणाऱ्या द्रवास दिली जाते व त्या द्रवाच्या बाष्पावर टरबाइन चालते. भूजल दाबाखाली बंद नळ्यांतच राहून पुन्हा जमिनीत सोडले गेल्यास वायू बाहेर पडण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

इतिहास : इटलीतील लार्देरेल्लो येथे ४ जुलै १९०४ रोजी पिएरो जिनोरी कोंती यांनी भूगर्भातील वाफेच्या साहाय्याने पाच विजेचे दिवे लावून दाखविले व १९१३ मध्ये तेथे २५० किलोवॉटचे केंद्र सुरू झाले. न्यूझीलंडमधील वायराकेई (१९५८) आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील गायझर्स (१९६०) ही त्यानंतरची महत्त्वाची केंद्रे होत. प्रारंभी वायू उंच नळीतून हवेत सोडून देण्यापलीकडे काही केले जात नसे. कॅलिफोर्नियाने १९६९ मध्ये हवेतील हायड्रोजन सल्फाइडाची तासाची सरासरी मर्यादा दशलक्ष भागांत ०·०३ भाग अशी ठरविली. ती विषारीपणावर नव्हे, तर दुर्गंधीच्या उपद्रवावर आधारलेली होती. गायझर्स क्षेत्राचा विस्तार होत गेला, तसतशा दुर्गंधीविषयीच्या तक्रारी वाढल्या आणि निष्कासनाच्या बहुतेक पद्धती प्रथम याच क्षेत्रात पारखल्या गेल्या.

तेथील पहिला उपाय म्हणजे शीतक पाण्यात लोहाचे लवण मिसळणे. लोहाच्या उत्प्रेरणाने वायूचे गंधकात ऑक्सिडीकरण होई; परंतु गंधक व लोह यांचा गाळ मनोऱ्यात व नळ्यांत साचे, धातूंचे भाग गंजत आणि टरबाइन वारंवार बंद ठेवावे लागे. या अनुभवानंतर नव्या संचांत पृष्ठ-संघनक बसवून वायू एकत्र करण्याचे व त्यावर स्वतंत्र यंत्रणेत संस्करण करण्याचे धोरण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वीकारले गेले. वाफ टरबाइनात शिरण्यापूर्वीच ती तांब्याच्या सल्फेटाच्या विद्रावाने धुण्याचे प्रयोगही त्याच सुमारास झाले. त्या पद्धतीत विहीर व टरबाइन यांमध्येच वायू नाहीसा होण्याचा लाभ असला, तरी ती प्रचारात आली नाही.

निष्कासनाच्या पद्धती : (१) स्ट्रेटफर्ड पद्धत : कोळशापासून मिळणाऱ्या वायूच्या शुद्धीकरणासाठी १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये विकसित झालेल्या या पद्धतीस मँचेस्टरजवळील स्ट्रेटफर्डचे नाव मिळाले. सोडियम कार्बोनेटाच्या क्षारकीय विद्रावात वायू शोषला जाऊन हायड्रोसल्फाइड बनते. विद्रावातील पंचसंयुजी व्हॅनेडियम त्याचे मूलद्रव्यी गंधकात ऑक्सिडीकरण करते व स्वतः चतुःसंयुजी होते. अँथ्राक्विनोनाच्या एका सल्फॉनिक अम्लाच्या साहाय्याने त्यास पूर्ववत पंचसंयुजी करतात आणि शेवटी विद्रावातून हवेचे बुडबुडे सोडून त्या अम्लाचेही पुनरुज्जीवन होते. सर्व टप्प्यांचा निव्वळ परिणाम एवढाच की, हायड्रोजन सल्फाइडाचे दोन रेणू व ऑक्सिजनाचा एक रेणू यांपासून गंधकाचे दोन अणू व पाण्याचे दोन रेणू मिळतात. हवेच्या बुडबुड्यांबरोबर गंधक फेसाच्या रूपात वर येते. ते गाळून, धुऊन व वितळवून वेगळे करतात. वायूतील ९९ टक्क्यांहून अधिक हायड्रोजन सल्फाइड या रीतीने काढता येतो. विद्रावात हळूहळू थायोसल्फेट साचत जाणे व व्हॅनेडियमयुक्त विषारी टाकाऊ द्रवाची विल्हेवाट लावावी लागणे, हे तिचे दोष आहेत.

(२) लोह कीलेट पद्धत : व्हॅनेडियमाऐवजी त्रिसंयुजी लोह वापरल्यास विषारीपणाचा दोष टळतो, पण क्षारकीय विद्रावात लोह हायड्रॉक्साइडाच्या रूपात खाली बसते. ते टाळण्यासाठी लोहाचा आयन एखाद्या कार्बनी रेणूच्या पकडीत धरून ठेवतात. अशा संयुगास कीलेट म्हणतात. त्रिसंयुजी लोह वायूचे गंधकात रूपांतर करताना द्विसंयुजी होते व हवेतील ऑक्सिजनाने पुन्हा त्रिसंयुजी होते. लोह अशा तऱ्हेने केवळ वाहकाचे काम करीत असल्याने त्याचा साठा संपत नाही. कीलेटकारक रेणूंचा मात्र हळूहळू ऱ्हास होतो व त्यांची भर घालावी लागते. नंतरच्या काळात ही पद्धत स्ट्रेटफर्ड पद्धतीची प्रतिस्पर्धी ठरली.

(३) ज्वलन व उत्प्रेरकी ऑक्सिडीकरण : वायू जाळून त्याचे सल्फर डाय-ऑक्साइड करणे व ते पाण्यात शोषून घेणे हा यंत्रदृष्ट्या साधा मार्ग आहे. शीतक पाण्यात अमोनिया असल्यास हे ऑक्साइड त्यात सहज विरघळते आणि पाण्यात आधीपासून असलेल्या सल्फाइडाशी संयोग पावून थायोसल्फेट बनते. अशा रीतीने एका मार्गावरील वायू दुसऱ्या मार्गावरील वायूच्या निराकरणास उपयोगी पडतो. मात्र कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण फार असल्यास मिश्रण आपोआप जळत नाही. इटलीत तस्कनी प्रांतातील केंद्रांत यावर निराळा तोडगा काढण्यात आला. तेथील वायूत पाराही असल्याने प्रथम तो अधिशोषून घेतात, नंतर टिटॅनियम ऑक्साइडावर आधारित उत्प्रेरकावरून वायू नेऊन त्याचे सल्फर डाय-ऑक्साइडात रूपांतर करतात आणि ते शीतक पाण्यात शोषतात. या पद्धतीचा वापर तेथे २००२ पासून होत आहे. खनिज तेल शुद्धीकरण कारखान्यांत रूढ असलेली क्लाऊस पद्धत (१८८३) मात्र वायूचे प्रमाण जास्त असेल तेथेच किफायतशीर होत असल्याने भूऔष्णिक केंद्रांस सहसा सोयीची नसते.

(४) संघनित पाण्यावरील संस्करण : पाण्यात विरघळलेल्या वायूसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड व अत्यल्प लोह उत्प्रेरक वापरतात. पाणी उदासीन असल्यास एक किग्रॅ. हायड्रोजन सल्फाइडास सिद्धांततः एक किग्रॅ. पेरॉक्साइड पुरते, पाणी क्षारकीय असल्यास विक्रिया गंधकाशी न थांबता सल्फेटापर्यंत जाते व चौपट पेरॉक्साइड खर्ची पडते. म्हणून ही पद्धत मुख्य उपाय म्हणून महाग असली, तरी पूरक उपाय म्हणून उपयुक्त आहे. विहीर खणताना वा तिची चाचणी घेताना केंद्राची यंत्रणा उपलब्ध नसते. त्या वेळी बाहेर पडणाऱ्या वाफेच्या नळीतच दाहक (कॉस्टिक) सोडा व पेरॉक्साइड सोडतात.

(५) भूगर्भात पुनःक्षेपण : आइसलँडमधील हेटलिसहेइदी हे ३०३ मेगावॉटचे केंद्र २००६ मध्ये सुरू झाल्यावर सु. ३० किमी. वरील राजधानी रेक्याव्हीक येथील हवेत हायड्रोजन सल्फाइडाचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. त्या देशाने २०१० मध्ये चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा दर घ. मी. हवेत ५० मायक्रोग्रॅम अशी ठरविली. गंधक तयार करून ते बेटाबाहेर पाठविण्यापेक्षा वायू परत खडकात सोडण्याचा मार्ग तेथे पत्करला गेला. केंद्रातील वायू दाबाखाली पाण्याने धुतात. कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड विरघळतात, तर हायड्रोजन व नायट्रोजन यांसारखे कमी विद्राव्य वायू बाहेर राहतात. हे अम्लधर्मी पाणी बेसाल्ट खडकात खोलवर सोडले असता खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह मुक्त होतात. कार्बन डाय-ऑक्साइडापासून कार्बोनेटी खनिजे, तर हायड्रोजन सल्फाइड व लोह यांपासून पायराइट हे खनिज बनते. २०१२ मध्ये लहान प्रमाणावर प्रयोग झाल्यावर २०१४ पासून हायड्रोजन सल्फाइडाचे नियमित पुनःक्षेपण सुरू झाले. वायूचा बहुतेक भाग काही महिन्यांतच खनिजरूप होतो, असे निरीक्षणांवरून दिसून आले आहे. वायूचा साठा करण्याऐवजी त्याचा दगड करण्याची ही रीत रसायनांच्या खर्चाच्या दृष्टीनेही स्वस्त आहे. पण तीस विपुल पाणी, सच्छिद्र बेसाल्ट व योग्य खोलीच्या विहिरी आवश्यक असतात. पाण्याच्या पुनःक्षेपणामुळे या क्षेत्रात २०११ मध्ये लहान भूकंपांची मालिका उद्‌भवली होती, हेही लक्षात घेणे जरूर आहे.

पद्धतीची निवड : वायूची दैनिक राशी, वाफेतील अमोनियाचे प्रमाण, संघनकाचा प्रकार, वस्तीचे अंतर व उपउत्पादनास असलेली मागणी यांवर निवड ठरते. राशी अत्यल्प असल्यास लोह ऑक्साइडाच्या थरातून वायू नेणे पुरेसे होते. गोबर वायूच्या शुद्धीकरणातही हीच युक्ती वापरतात. मध्यम राशीस लोह कीलेट, तर अनुकूल खडक असल्यास पुनःक्षेपण सोयीचे ठरते. मिळालेले गंधक पारा, आर्सेनिक वा व्हॅनेडियम यांपासून मुक्त असल्यास शेतीस उपयोगी पडते; तसे नसल्यास उत्पन्नाऐवजी विल्हेवाटीचा खर्चच पदरी येतो. केंद्र एकाएकी बंद पडल्यास विहिरीतील वाफ बाहेर सोडण्याऐवजी टरबाइनास वळसा घालून संघनकात व तेथून निष्कासन यंत्रणेत नेण्याची सोय असावी लागते. अन्यथा वर्षभर जपलेली हवा काही तासांत दूषित होते.

अपघात व मानके : हवाई बेटांपैकी सर्वांत मोठ्या बेटावरील पुना येथे जून १९९१ मध्ये खणताना एक विहीर अनावर झाली व तिच्यातून सु. ३१ तास वाफ व वायू बाहेर पडत राहिले. जवळच्या काही रहिवाशांना घरे सोडावी लागली. इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर सोरिक मारापी येथे २५ जानेवारी २०२१ रोजी विहीर उघडत असताना सुटलेल्या वायूमुळे लगतच्या गावातील मुलांसह पाच जण मृत्युमुखी पडले. नियमित चालू असलेल्या केंद्रापेक्षा खणणे, चाचणी व विहीर उघडणे हे प्रसंग अधिक धोक्याचे असतात, हे दोन्ही घटनांवरून स्पष्ट होते. अशा वेळी वाऱ्याची दिशा दाखविणारे निशाण, वायू ओळखून घंटा वाजविणारी उपकरणे, श्वसनसाधने आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावकऱ्यांना पूर्वसूचना ही अत्यावश्यक होत. वायू ओळखण्याची सर्वांत साधी कसोटी म्हणजे शिसे ॲसिटेटात भिजविलेला कागद. तो वायूच्या संपर्काने काळा पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने चोवीस तासांच्या सरासरीची मार्गदर्शक मर्यादा दर घ. मी. हवेत १५० मायक्रोग्रॅम अशी सुचविली आहे. भारतात कारखाने अधिनियमानुसार कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग व अल्पकालीन मर्यादा १५ भाग आहे. मात्र २००९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय परिसर वायु-गुणवत्ता मानकांतील बारा प्रदूषकांत हायड्रोजन सल्फाइडाचा समावेश नाही. कामगाराचे संरक्षण हा कामाच्या पाळीपुरता प्रश्न असतो; केंद्राशेजारी राहणारी माणसे मात्र तीच हवा रात्रंदिवस घेतात. यामुळे पहिल्या मर्यादेवरून दुसरीचे अनुमान काढता येत नाही.

भारतातील परिस्थिती : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहात देशातील ३८१ भूऔष्णिक स्थळांची नोंद आहे. लडाखमधील पुगा खोरे हे त्यांपैकी सर्वांत आशादायक मानले जाते. समुद्रसपाटीपासून सु. ४,४०० मी. उंचीवरील या खोऱ्यात मूलद्रव्यी गंधक व टाकणखार यांचे निक्षेप आहेत आणि गंधकाचे अस्तित्व तेथील वायूच्या प्रश्नाची आगाऊ सूचना देणारे आहे. तेथे १ मेगावॉटचे प्रायोगिक केंद्र उभारण्याचा करार २०२१ मध्ये झाला. परंतु ऑगस्ट २०२२ मध्ये विहिरीतील द्रव पुगा नाल्यात वाहून गेल्याने काम थांबवावे लागले. हिमाचल प्रदेशातील मणिकरण येथे ५ किलोवॉटचे द्विद्रवी प्रकारचे लहान संयंत्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस प्रयोगादाखल चालविण्यात आले होते. केंद्र शासनाने २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आहे.

महाराष्ट्रात उन्हाळ्यांची मुख्य रांग सह्याद्रीच्या पश्चिमेस, उत्तरेकडील कोकनेरपासून दक्षिणेकडील राजापूरपर्यंत सु. ३०० किमी. लांबीच्या पट्ट्यात पसरली आहे. सातिवली, अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरी, पालीजवळील उन्हेरे, सव, उन्हवरे, आरवली, तुरळ व राजवाडी ही त्यांतील परिचित ठिकाणे होत. उन्हेरे, उन्हवरे ही ग्रामनामे ‘ऊन’ पाण्यावरूनच पडली आहेत. पाण्याचे तापमान सु. ३४° ते ७१° से. असून खोल साठ्याचे तापमान रासायनिक अनुमानांवरून सामान्यतः १००° ते १५०° से. धरले जाते. कोकणातील झऱ्यांना लोकभाषेत ‘गंधकाचे झरे’ म्हणण्याची प्रथा असली, तरी त्यांतून निघणाऱ्या वायूत नायट्रोजनाचे आधिक्य असून हीलियमाचाही अंश आढळतो. हायड्रोजन सल्फाइडाचे प्रमाण अल्प असते. येथील उष्णता शिलारसापासून आलेली नसून पावसाचे पाणी भेगांवाटे खोलवर जाऊन तापते, या मताशी हे सुसंगत आहे. तापमानाचा विचार करता येथे द्विद्रवी प्रकारचे केंद्रच संभवते आणि पाणी बंद नळ्यांतून परत जमिनीत सोडले, तर वायूच्या निष्कासनाची स्वतंत्र यंत्रणा लागण्याचा संभव कमी आहे. दक्षिण ट्रॅपाचा बेसाल्ट आइसलँडमधील बेसाल्टाशी रासायनिक दृष्ट्या जवळचा असला, तरी तो सु. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असून त्याच्या पुष्कळ पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइट यांसारख्या खनिजांनी भरून गेल्या आहेत. शिवाय ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची पार्श्वभूमी पाहता सह्याद्रीच्या परिसरात पाण्याच्या पुनःक्षेपणापूर्वी भूकंपीय निरीक्षण अनिवार्य ठरते.

पूर्व विदर्भात परिस्थिती अगदी भिन्न आहे. भंडारा जिल्ह्याचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपाच्या पूर्व सीमेपलीकडील प्राचीन स्फटिकी व रूपांतरित खडकांचा असल्याने वायूचे बेसाल्टात खनिजीकरण करण्याचा मार्ग तेथे उपलब्ध नाही. परंतु हायड्रोजन सल्फाइड या जिल्ह्यास अपरिचित नाही. धानाच्या बांध्यांत व मामा तलावांच्या (माजी मालगुजारी तलावांच्या) तळाशी पाणी साचून ऑक्सिजन संपला म्हणजे सूक्ष्मजंतू सल्फेटाचे क्षपण करून हाच वायू निर्माण करतात. चिखल तुडविताना येणारा कुजका वास व गाळाचा काळा रंग या त्याच्या खुणा होत. जमिनीत पुरेसे लोह असल्यास वायू काळ्या लोह सल्फाइडाच्या रूपात जखडला जातो व धानाची मुळे बचावतात. लोह कमी असलेल्या रेताड जमिनीत मुळे काळी पडून पीक खुरटते. जपानात हा विकार ‘अकिओची’ या नावाने ओळखला जातो. पाणी काढून बांधी काही दिवस सुकू देणे हा त्यावरील रूढ उपाय म्हणजे जमिनीत हवा खेळवून सल्फाइडाचे ऑक्सिडीकरण करणेच होय. लोहाने गंधक पकडावे आणि हवेने ते निरुपद्रवी करावे, हे कीलेट पद्धतीचे तत्त्व बांधीतील चिखलात निसर्गतःच चालू असते.

नागपूरचे सांडपाणी नाग नदीवाटे कन्हानेत व तेथून वैनगंगेत येते आणि पवनी तालुक्यातील गोसेखुर्द धरणाच्या जलाशयात साचते. कार्बनी पदार्थांनी युक्त अशा संथ व खोल पाण्यात तळाशी ऑक्सिजन टिकत नाही व या वायूच्या निर्मितीस अनुकूल स्थिती उत्पन्न होते. तेव्हा सांडपाण्याचे उगमाजवळच शुद्धीकरण करणे हाच योग्य उपाय ठरतो. बंद गटारे व मैलाकुंड्या यांत साचणाऱ्या याच वायूने देशात अनेक सफाई कामगारांचे बळी घेतले आहेत. योग्य संरक्षणाशिवाय माणसास तेथे उतरविण्यास २०१३ च्या अधिनियमाने बंदी आहे. बेशुद्ध पडलेल्यास वाचविण्यासाठी श्वसनसाधनाशिवाय उतरणारा दुसरा माणूसही बहुधा दगावतो. म्हणून हवेची चाचणी, वायुवीजन व दोर यांशिवाय अशा जागी कोणीही उतरू नये, हा नियम भूऔष्णिक केंद्रातील तळघरास जितका लागू आहे, तितकाच गावातील मैलाकुंडीसही लागू आहे.

जगातील भूऔष्णिक विद्युत् केंद्रांची एकूण क्षमता सु. १६,००० मेगावॉटपर्यंत पोहोचली आहे आणि तिच्या वाढीबरोबर वायूच्या निष्कासनाचे महत्त्वही वाढत आहे. गायझर्स, तस्कनी व आइसलँड या तिन्ही ठिकाणी केंद्रे प्रथम उभी राहिली व वायूवरील उपाय लोकांच्या तक्रारींनंतर योजले गेले. भारतात हे तंत्र अद्याप बाल्यावस्थेत असल्याने उपाय केंद्राच्या आराखड्यातच अंतर्भूत करण्याची संधी उपलब्ध आहे. त्यासाठी विहीर खणण्यापूर्वीच परिसरातील हवा, पाणी व झऱ्यांतील वायू यांचे किमान वर्षभर मापन करून नोंदी ठेवणे आवश्यक आहे. कारण मूळ स्थिती ज्ञात असल्याशिवाय केंद्रामुळे झालेला बदल सिद्धही करता येत नाही आणि नाकारताही येत नाही.